गुलाम नबींचं विलायती धनुष्य

गुलाम नबींचं धनुष्य मोडलं तेव्हा माझ्या डाव्या हातात ते धनुष्य होतं, तोंडात त्यांच्या बायकोनं, रजियाबींनी, चहाबरोबर दिलेली खारी होती आणि उजव्या हातात काहीच नव्हतं. यातली उजव्या हाताची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती, हे मला थोड्या वेळानं कळलं.

माझी बाजू थोडी ऐकून घ्या. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी, दिसली की तिला बोट लावल्याशिवाय राहवत नाही. आमच्या लहानपणी हिवाळा लागला की पिंजारी दारात यायचा. खांद्यावर ते भलंमोठं पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्य. तो चहा प्यायला टेकला की गल्लीतली सगळी पोरं त्या पिंजणाभोवती. तात ओढायची, सोडायची. तुंय्. पुन्हा ओढायची, सोडायची. पिंजणाला त्यानं काही होत नाही, दिवसभर तेच खाऊन ते जगतं. आता इतकी वर्षं झाली, मास्तरकी करून निवृत्त झालो, पण बोटातली ती खाज गेली नव्हती. अंगणात गुलाम नबी पिंजत बसले होते, भिंतीला एक उंच धनुष्य दोरी चढवून टेकवलेलं होतं. मी ते उचललं, दोरी ओढवेल तेवढी ओढली आणि सोडून दिली. पुण्याच्या माणसानं ही चूक केली नसती. तो आधी हे काय आहे असं विचारत बसला असता, आणि तेवढ्यात धनुष्य वाचलं असतं.

तुंय् झालंच नाही. मनगटाला झिणझिण्या आल्या आणि वरच्या बाजूला कोवळी भेंडी मोडावी तसा आवाज आला. पाहतो तर धनुष्याच्या वरच्या दांडीवर, टोकाच्या थोडं खाली, लाकडाची एक ढलपी उठून उभी राहिली होती.

पिंजण थांबलं. बाळापुरात त्या गल्लीत पिंजण थांबलं की शेजारीपाजारी घड्याळ बघतात, इतका तो आवाज रोजचा. गुलाम नबी उठले. सावळे, काटकुळे, दाढीत रुईचे पुंजके अडकलेले. माझ्या हातातून धनुष्य त्यांनी झोपलेलं मूल घ्यावं तसं घेतलं, दोरी उतरवली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "तीर कुठं हाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं.

"तीर असला की जोर तीर घिऊन जाते," ते म्हणाले. "तीरच नसला तर तो जोर कुठं जाईन? कमानीतच राह्यते ना. बसते मंग हाडात."

"मला वाटलं पिंजणासारखं..."

"पिंजनासारखं," ते म्हणाले आणि दोरीची गुंडाळी करू लागले. रजियाबींनी माझ्यासमोरची खारीची बशी उचलून आत नेली. ती शिक्षा होती की कपबशा आवरायची वेळ झाली होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मी तिथे गेलो होतो गादीसाठी. गोष्ट दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातली. तेव्हा आमच्याकडे सकाळचा पेपर आला की मी आधी शेवटचं पान उघडायचो. पहिल्या पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांत आज कुणाचं गाव छापून आलंय ते बघायची हिंमत चहा झाल्यावर यायची. अकोल्यात गल्लोगल्ली फोमच्या गाद्यांची दुकानं झाली होती, आणि जे पिंजारी उरले त्यांनी मशीन बसवलं होतं. आमच्या घरात मात्र मशीनच्या कापसानं पाठ दुखते असा शोध लागलेला. तेव्हा हातानं पिंजणारा माणूस बाळापुरात आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मी गादीची वळकटी काळी-पिवळी जीपच्या टपावर बांधून निघालो. गादी टपावर होती आणि मी आत अकरा माणसांत होतो. गादी माझ्यापेक्षा सुखात आली.

गुलाम नबींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, या माणसाला कुणीतरी चावी देऊन सोडलंय. ते बसत नसत. पिंजायला बसले तर गुडघा हलत असे. चहा उभ्यानं, आणि तोही अर्धाच; उरलेला अर्धा कुठल्यातरी कोनाड्यात विसरलेला, तो रजियाबी संध्याकाळी गोळा करायच्या. "यायच्या पायात भिंगरी नाई, पुरी गिरनी हाय," असं त्या म्हणायच्या. काम कमी झाल्यापासून तर हे जास्तच झालं होतं. हाताला सवय दिवसभराची आणि काम अर्ध्या दिवसाचं. उरलेल्या अर्ध्या दिवसाचे हात कुठे ठेवायचे हा त्या घरातला मोठा प्रश्न होता.

ते हात धनुष्यांवर गेले. तशी सुरुवात फार जुनी होती. पिंजारी हा एकच माणूस असा, जो लोकांच्या घराच्या माळ्यापर्यंत पोचतो. पाहुणा ओसरीत अडतो, सोयरा माजघरात, पण गाद्या माळ्यावर असतात. तरुणपणी गुलाम नबी पिंजण खांद्यावर घेऊन थेट रिद्धपूर-बडनेऱ्यापर्यंत फिरायचे, आणि कुणाच्या माळ्यावर गादीखाली, कुणाच्या फळीवर रद्दीमागे त्यांना धनुष्य सापडायचं. घरच्यांना ते काय आहे याचा पत्ता नसायचा. गुलाम नबींना असायचा, कारण तात, सरस आणि वाकलेलं लाकूड हाच त्यांचा धंदा.

धनुष्य मोडण्याच्या आधी, म्हणजे मी अजून इज्जतदार पाहुणा होतो तेव्हा, त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन सगळी दाखवली होती. भिंतीवर कापडी पट्ट्यांच्या फासात आडवी ठेवलेली. मेळघाटातलं कोरकूंचं बांबूचं धनुष्य, दोरीही बांबूच्या सालीची. एक लोखंडी, मधोमध पेच असलेलं, उघडलं की दोन तुकडे. "ह्याले म्या कधी ओढलं नाई," ते म्हणाले. "लाकूड मोडायच्या आधी कुरकुर करते. लोखंड सांगतच नाई." एक अमेरिकन, अचलपूरच्या एका डॉक्टरच्या बंगल्यातलं, लाकडाचे आणि काचतंतूचे पातळ थर चिकटवलेलं, दोन्ही टोकं हरणाच्या खुरासारखी पुढे वळलेली. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मूठ कुणाच्यातरी तळव्यानं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली; माझा अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसला. कोण होता तो माणूस कुणास ठाऊक, पण त्याच्या अंगठ्याशी माझी ओळख झाली. सगळ्या खोलीला जवसाच्या तेलाचा वास होता. दर हप्त्याला एकेक धनुष्य काढून ते तेलाच्या फडक्यानं पुसायचे आणि पुसताना त्यांचा गुडघा हलायचा थांबायचा.

कोपऱ्यात एक सोनेरी धनुष्य होतं, वेलबुट्टी, लाल मखमल, खाली घुंगरू. मी म्हणालो, "हे मात्र राजेशाही दिसतं."

"ते रामलीलेचं हाय," गुलाम नबी म्हणाले. "दोरी लावाले आनलं होतं, मंडळ बंद पडलं, न्यायले कोनी आलं नाई. त्याच्यानं फक्त रावन मरते."

आणि सगळ्यांत उंच, त्या दिवशी दोरी चढवून बाहेर आणलेलं, ते हे. विलायती. यू नावाच्या कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडाचं, पाठीकडून फिकट पिवळं, पोटाकडून, म्हणजे दोरीच्या बाजूनं, तांबूस, आणि हे दोन रंग एकाच लाकडाचे. दोन्ही टोकांना काळ्या शिंगाच्या टोप्या. मुठीवर हिरवी मखमल, तिचे नुसते धागे उरलेले. माणसापेक्षा उंच. आता त्याच्या वरच्या दांडीवर माझी ढलपी उभी होती.

"भरून देईन," असं काहीतरी मी पुटपुटलो.

"काय भरून द्यान? झाड?" रजियाबी आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अन् इतवारी पंजाबभाऊ येऊन राहिले, त्यायले काय दाखवता?"

तेव्हा मला कळलं की मी नुसतं लाकूड मोडलेलं नाही.

पंजाबराव बडनेऱ्याजवळच्या एका गावचे. ते धनुष्य त्यांच्या वडिलांचं. अमरावतीच्या बाजारात कापूस खरीदणारा कुणी गोरा साहेब जाताना त्यांना देऊन गेला होता. वडील शिकारी, छातीनं दांडगे, ते एका दमात ओढायचे. पंजाबराव पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर ते पोराच्या हातात दिलं. पोराला ओढवलं नाही. दोरी अर्ध्यातच थांबली आणि वडील हसले, पाहुणेही हसले. त्यानंतर पंजाबरावांनी त्याला हात लावला नाही. वडील गेल्यावर पंजाबरावांच्या बायकोनं, जमुनाबाईंनी, ते बरीच वर्षं मच्छरदाणीचा दांडा म्हणून वापरलं. तिथेच ते गुलाम नबींना दिसलं. "घिऊन जा," पंजाबराव म्हणाले होते, "पन बापाचं हाय. मांगितलं तर वापस द्या लागन." तेव्हापासून दर वर्षी माल विकून झाला की पंजाबराव बाळापूरला यायचे, खाटेवर बसायचे आणि गुलाम नबींना ते धनुष्य चालवताना नुसतं बघायचे. ओढायचे नाहीत. कितीदा म्हटलं तरी नाहीत.

आता जमुनाबाई नव्हत्या. शेत बटईनं दिलेलं, बैलजोडी विकलेली. मुलगा पियुष पुण्याला, त्यानं वडिलांना बोलावून घेतलं होतं. सोमवारी बडनेऱ्याहून गाडी होती आणि रविवारी ते धनुष्य न्यायला येणार होते, कारण पियुषनं हॉलच्या भिंतीवर आजोबांच्या धनुष्यासाठी काचेची पेटी करायला टाकली होती.

"काचेत," गुलाम नबी अंगणात येरझाऱ्या घालत म्हणाले. "वरून लाईट राह्यन म्हनते. चालती कमान काचेत ठेवली तर दोन वर्सात लाकूड झोपते, मंग उठत नाई. म्या ठरवलं होतं, इतवारी त्यायच्या हातानं एक तीर सोडवतो. एकदा हातातून तीर गेला ना मास्तर, मंग मानूस त्याले खिळ्याले टांगत नाई. त्याच्यानं होतच नाई." ते थांबले, पुन्हा चालू लागले. "आता मोडकी कमान काचेतच बरी दिसन."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बिघडवल्या आहेत, पण इतक्या थोड्या श्रमात इतकं मोठं नुकसान माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी मी अकोल्याला परतलो तो गादीशिवाय. घरी काय सांगितलं ते इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळी-पिवळीत. माझी तिथे गरज होती असं नाही, पण घरी बसवेना. जेवताना तो भेंडीचा आवाज यायचा. त्यातून घरात नेमकी भेंडीच केली होती.

गुलाम नबींनी रात्रीतून ती ढलपी सरसानं बसवून, सुतळीनं आवळून ठेवली होती. आता सुतळी सोडून तिच्यावर पिंजणाची तात गुंडाळत होते, ओली करून, घट्ट, एकाला एक लागून. "सुकली की आपोआप आवळते," ते म्हणाले. "चांदूरच्या खाटकाकून आनलेली हाय. एकदम पक्की."

"मी काही धरू का?"

"धरा ना," ते म्हणाले. मी हात पुढे केला. "तोंड धरा."

तात सुकेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं, आणि काही करण्यासारखं नसणं हा त्या माणसाचा छळ होता. ते उठून माझ्या गादीचा कापूस थोडा पिंजायचे, सोडून द्यायचे, तातीला हात लावून बघायचे, नदीकडे चक्कर मारून यायचे, पुन्हा हात लावायचे. मीही त्यांच्यामागे. रजियाबी म्हणाल्या, "एक होता तो कमी होता का, आता दोन झाले." दुपारी वारा पडला, पत्रे तापले, बाहेर रस्त्यावरून कुणीतरी बी-बियाण्याच्या दुकानाची जाहिरात करत रिक्षा फिरवत होतं. मृग पंधरवड्यावर आलेला. पंजाबराव मृगाच्या आधीच निघत होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पेरणी बघायची वेळ येऊ नये म्हणून असेल.

शनिवारी खरी पंचाईत कळली. दोरी चढवल्यावर धनुष्य भिंतीवरच्या एका खिळ्यात मुठीनं अडकवायचं, दोरी हळूहळू खाली ओढायची आणि दोन्ही दांड्या सारख्या वाकतात का ते लांबून बघायचं. ओढायचं काम मला मिळालं. ते बोटभर म्हटलं की बोटभर. वरची दांडी आता कमजोर झाली होती, खालची पहिल्यासारखीच दांडगी. नवराबायकोतलं एक जास्त बोलायला लागलं की दुसऱ्याचं जे होतं तेच. वरची सगळं सहन करत वाकत होती, खालची ताठ.

"खालची कमी करा लागन," ते म्हणाले आणि खाटेवर बसले. त्यांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मग करा ना."

"मास्तर, म्या जुन्या कमानीले तेल लावतो, दोरी लावतो, मेन लावतो. खरडत नाई. बनवनाऱ्यानं जेवढं ठेवलं तेवढं ठेवलं. आपून कोन?"

"आणि नाही खरडलं तर?"

"तं काच."

त्यांनी एकदा धनुष्य उचललं, मांडीवर घेतलं, खालच्या दांडीवरून अंगठा फिरवला, परत ठेवलं. मग उठून बाटली फोडली. भंगारातली एक जाड हिरवी बाटली, तिचा धारदार तुकडा घेतला आणि खालच्या दांडीच्या पोटावरून ओढला. तांबूस भुसा उडाला. किसलेल्या गाजरासारख्या बारीक वळ्या. चार हात ओढायचे, खिळ्याला लावायचं, मी दोरी ओढायची, ते लांबून एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा खाली. सांगतो, त्या कामात एक मजा होती. लाकूड हळूहळू ऐकायला लागतं हे दोरी धरणाऱ्या हाताला कळायचं. सकाळी मला जे ओढताना दात आवळावे लागत होते, ते संध्याकाळी गप्पा मारत ओढता येऊ लागलं. मी ते बोलून दाखवलं.

"हो," ते उदास होऊन म्हणाले. "अर्दी ताकद गेली तिची."

रविवारी पंजाबराव आले. पांढरं धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. पिशवीत माणसाएवढं धनुष्य कसं मावणार होतं ते देव जाणे; बाहेर निघायचं तर पिशवी हवी, एवढंच. खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले. दर थोड्या वेळानं खिशातलं गाडीचं तिकीट चाचपायचे.

"पियुषचा फोन येऊन राह्यला सारखा," ते म्हणाले. "पेटी झाली म्हनते. माप इचारते. म्या म्हनलं, तुया आज्यापेक्षा उंच हाय."

गुलाम नबींनी धनुष्य आणलं. पंजाबरावांचा हात त्या तातीच्या पट्टीवर थांबला. "हे काय?"

"मोडली होती," गुलाम नबी म्हणाले. "मास्तरनं मोडली."

पंजाबरावांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? ओढलं तुमी हे?"

"तीर न लावता," मी म्हणालो.

"बह्याड हाय का काय हा मानूस," ते गुलाम नबींना म्हणाले. मी तिथे नसल्यासारखं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी असूयाच असावी, कारण मी निदान ओढलं तरी होतं.

घरामागे नदीकडे उतरत जाणारी मोकळी जागा होती. टोकाला मातीचा बांध, त्याला टेकवून जुन्या गादीचं निशाण. आत कुठल्या कुठल्या घरांचा दगड झालेला कापूस. बाजूला थोडं अलीकडे खाटेवर माझी नव्यानं भरलेली गादी ऊन खात पडलेली. गुलाम नबींनी ती शनिवारी संध्याकाळी उगाच रागारागात शिवून टाकली होती.

पहिला तीर त्यांनी स्वतः सोडायचा ठरवला. मोडलीच तर त्यांच्या हातात मोडावी. रजियाबी पदर डोक्यावर घेऊन दारात उभ्या राहिल्या. गुलाम नबींनी तीर लावला, दोरी ओढायला घेतली, आणि त्या माणसाच्या अंगातली ती सगळी गिरणी बंद पडली. गुडघा, खांदा, बोटं, पापणी, काही हलेना. अख्ख्या दिवसात ते तेवढ्या एका श्वासापुरते स्थिर असत. धनुष्य वाकताना बारीक कुरकुरलं. मी डोळे मिटले. मग दोरीचा आवाज आला, पिंजणासारखाच पण आखूड, आणि लगेच पलीकडे गादीत धप्.

मी डोळे उघडले. धनुष्य शाबूत होतं. गुलाम नबी पट्टीवरून अंगठा फिरवत होते आणि गुडघा पुन्हा हलायला लागला होता.

"घ्या, पंजाबभाऊ."

"नाई गा."

"उद्या चाल्ले ना तुमी?"

"म्हनूनच नाई. सत्तरीत आलो, आता कायले हसू करून घेता माह्यं?"

"कोन हसते? मास्तर? त्याईनं हसून दाखवावं," गुलाम नबी म्हणाले, आणि मी ताबडतोब गंभीर झालो.

पंजाबरावांनी टोपी काढून खाटेवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. धनुष्य घेतलं. एकेक तळवा धोतराला पुसून घेतला. तीर गुलाम नबींनी लावून दिला. पंजाबरावांनी ओढलं आणि अर्ध्यात थांबले, जिथे पंधराव्या वर्षी थांबले होते तिथेच बहुधा. मी पाहिलं, ते आता हसू येईल म्हणून वाट बघत होते. कुणी हसलं नाही आणि धनुष्यानं अडवलं नाही. ते आणखी वाकलं. दोरी त्यांच्या हनुवटीपर्यंत आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

"मंग काय घरी नेता?"

तीर सुटला. निशाणाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. उजवीकडे झुकत, शेपूट हलवत गेला आणि धप् झालं.

"लागला?" पंजाबरावांनी विचारलं. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"लागला," रजियाबी म्हणाल्या.

"कायले?"

"गादीले."

"निशानाच्या?"

"नाई, मास्तरच्या."

पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग बरोबर लागला," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. तीर उपटून आणायला ते स्वतः जाऊ लागले, चपला विसरून, तापल्या मातीवरून. एक बांधात, एक बाभळीत, एक कुठे गेला तो अजून मिळालेला नाही, आणि शेवटी एक निशाणात, अगदी कडेला, पण निशाणात. तो त्यांनी उपटला नाही. जवळ जाऊन हात न लावता बघत उभे राहिले. खिशातला फोन वाजत होता तो वाजून बंद पडला. "मनगटात गुनगुन राह्यते रे नबी," ते परत येऊन म्हणाले. "सोडल्यावर. बापानं हे सांगतलंच नाई कधी."

मला राहवलं नाही. मी रजियाबींकडे सरकून हळूच म्हणालो, "भाभी, म्हणजे तशी मी ती मोडली ते बरंच झालं. नाहीतर यांना ओढवली असती का?"

"मास्तर," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हे इथं बोल्ले ते बोल्ले. त्यायच्यासमोर बोलजा नका."

जेवणं झाली. पंजाबराव पिशवी घेऊन उठले, बसले, तिकीट चाचपलं. गुलाम नबींनी धनुष्याची दोरी उतरवली, तेलाचं फडकं फिरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि पंजाबरावांसमोर धरलं. वस्तू ज्याची त्याची. मागितली तर द्यायची असं ठरलेलं होतं. गुडघा मात्र वेड्यासारखा हलत होता.

पंजाबरावांनी चादर हातात घेतली, वजन करून पाहिलं आणि परत दिली.

"इथंच राहू दे," ते म्हणाले. "दिवाळीत येतो. तोवर तेल लावजो."

"अन् पियुषची पेटी?"

पंजाबराव आतल्या खोलीत गेले ते थेट कोपऱ्यातून सोनेरी धनुष्य घेऊन बाहेर आले. घुंगरू वाजत होते. "त्याले चमकदार पायजे, हे चमकदार हाय. त्याले सांगतो, बापू, हे तुय्या भिंतीचं. आज्याचं बाळापूरले हाय, पायजे असन तर इथं येऊन ओढ."

पुढे त्यांनी पियुषला तसंच सांगितलं म्हणे, आणि त्या पेटीतल्या दिव्याखाली रामलीलेचं धनुष्य फार शोभतं. मी पाहिलेलं नाही.

त्यांना काळी-पिवळीत बसवून आम्ही परत आलो. धनुष्य जाणार नव्हतं आणि माणूस गेला होता. गुलाम नबी अंगणात आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. पिंजणाला हात लावला, काढला. मग चादर सोडून त्यांनी विलायती बाहेर काढलं, दोरी चढवली आणि भिंतीला टेकवून ठेवलं, गुरुवारी होतं तिथेच. मी खाटेवर माझ्या गादीचं भोक बोटानं चाचपत बसलो होतो. घरी ते काय म्हणून सांगावं याचा विचार करत होतो, आणि नजर सारखी त्या दोरीकडे जात होती.

"गुलामभाई," शेवटी मी म्हणालोच, "मी एकदा ओढून पाहू का?"

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"पयले तीर लावा."